सतराव्या मजल्याचं गाऱ्हाणं

…आणि वर मलाच ऐकवतात, "मनू, तू शब्द दिला होतास." मी? शब्द? अहो, मी काय दिलं ते अख्ख्या घोडपदेवला माहितीये. मी फक्त आवाज दिला. शब्द धोंडूकाकाचे होते, आवाज माझा होता, आणि गेला तो मजलाही माझाच होता! नाही नाही, जिन्याकडे नका बघू, सतरावा आहे, तुम्ही चढून पोचेपर्यंत वर आरती होऊन तीर्थसुद्धा संपलेलं असेल. थांबा इथेच. दोनातली एकच लिफ्ट चालू आहे, दुसरीवर 'काम चालू आहे' अशी पाटी आहे, ती पहिल्या दिवसापासून आहे, काम करणारा माणूस मात्र अजून कुणी बघितलेला नाही. आणि जी चालू आहे तिचा आकडा बघा. चार. पाच मिनिटं झाली, चारच. तुम्हाला सांगतो, हा चार आकडा बघितला ना की मला… जाऊ दे. नाही, जाऊ कशाला दे, उभेच आहोत तर ऐकाच.

तुम्ही राधाच्या माहेरची माणसं, साताऱ्याकडची, तुम्हाला गाऱ्हाणं म्हटलं की तक्रार वाटणार. आम्हा मालवणी लोकांत गाऱ्हाणं म्हणजे देवाकडे रीतसर मागणं. नारळ ठेवायचा, एका जाणत्या माणसाने देवासमोर उभं राहून एकेक वाक्य बोलायचं, आणि प्रत्येक वाक्याला मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" बस्स. एवढंच काम. पुढचा काय बोलतोय ते ऐकायचं नसतं. तो थांबला की आपण सुरू व्हायचं, आपण थांबलो की तो. आमच्या हरी भिकाजी चाळीत जाणता माणूस म्हणजे धोंडूकाका, वय वर्षं शहात्तर, मिलमधून निवृत्त, आणि मागे सगळ्यात मोठा आवाज म्हणजे मी. आता तीस वर्षं लालबागच्या मसाला गिरणीत कुटायच्या डंखांच्या शेजारी उभं राहून गिऱ्हाइकांशी बोललोय मी, धडाधड सहा डंख मिरच्या कुटतायत आणि मधून मी विचारतोय, "काकू, धणे भाजून आणलेत का?" हळू बोलणं मला येतच नाही. त्यामुळे मी 'व्हय' उचललं की बाकीचे 'म्हाराजा'ला येऊन मिळायचे. सांगायला हरकत नाही, थोडा माज पण होता त्याचा. तोच नडला.

तर झालं असं. चाळ पाडली, चार वर्षं सगळे इकडेतिकडे भाड्याच्या खोल्यांत राहिलो, मग हा टॉवर उभा राहिला, आणि कुणाला कुठला मजला ते ठरवायला शाळेच्या हॉलमध्ये चिठ्ठ्या काढल्या. अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं, मजले बावीस. तुम्हाला सांगतो, त्या आधीच्या आठ रात्री मी झोपलेलो नाही. कारण मला उंचीचं भय आहे. हसू नका. कांदिवलीला आमच्या चुलतभावाच्या वास्तुशांतीला गेलो होतो, अकरावा मजला, सगळे बाल्कनीत उभे राहून "वा, काय हवा आहे" करत होते आणि मी पूर्ण पूजाभर स्वयंपाकघरात जमिनीवर बसून गॅसचा सिलेंडर धरून होतो. सिलेंडरच का? जड होता म्हणून. आणि अशा माणसाच्या चिठ्ठीत काय आलं? चौथा मजला, चारशे तीन! हॉलमध्ये रडलो मी. घरी येऊन पेढे वाटले. लोक म्हणाले बाविसाव्यावाल्याने वाटले तर समजतं, हा चौथ्यावाला का वाटतोय?

आणि धोंडूकाकाला आला सतरावा, सतराशे दोन. त्याची बायको लक्ष्मीकाकी, तिला गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, चाकाच्या खुर्चीवर असते, आठवड्यातून दोनदा दवाखान्यात व्यायामाला न्यावी लागते. पण चिठ्ठीला काय कळतं कुणाची कुठली बाजू गेलीये ते.

कमिटीचा नियम होता. कुणाला आपसात मजला बदलायचा असेल तर महिन्याच्या आत दोघांच्या सह्यांचा अर्ज द्यायचा. महिन्यानंतर देवाने सांगितलं तरी बदल नाही, असं आमच्या सेक्रेटरीने, हेरंबने, फळ्यावर लिहिलं होतं. तसंच लिहिलं होतं, "देवाने सांगितले तरी". त्याला काय माहीत देवालाच मध्ये घेणारेत.

चिठ्ठ्यांनंतर दोन दिवसांनी राखणदाराला नारळ द्यायचा ठरला. तो तिकडे, पंपरूमच्या बाजूला, उंबराखाली शेंदूर लावलेला दगड दिसतोय ना, तो आमचा राखणदार. चाळीच्या आधीपासूनचा. बिल्डरने पार्किंगचे दोन खांब सरकवले पण दगड नाही हलवला, तेवढा शहाणा निघाला. तर सगळी चाळ जमली, धोंडूकाका पुढे, मी त्याच्या मागे, छाती भरून तयार. आणि त्याने सुरू केलं, "बा देवा राखणदारा म्हाराजा… आज ही तुजी लेकरां चार वर्सां वनवास भोगून तुज्या पायाकडे इली हत रे म्हाराजा…" व्हय म्हाराजा! "तेंनी ठेवलेलो ह्यो नारळ गोड मानून घे रे म्हाराजा…" व्हय म्हाराजा! "लिफ्टीत कोण अडाकलो तर तेका सोडव रे म्हाराजा…" व्हय म्हाराजा! "टाकयेत पाणी चडांदे, पंप चालू ऱवांदे रे म्हाराजा…" व्हय म्हाराजा! मी रंगात आलो होतो हो. माझं लक्ष कुठे होतं सांगू? नारळाकडे. मोठा होता, मनात म्हटलं वाटणाला चांगला. आणि त्याच सुरात, त्याच चालीत, जरासुद्धा आवाज न बदलता धोंडूकाका पुढे, "आणि म्हाराजा, माज्या चिठ्येत सतरावो मजलो इलो, माजी बायल अंथरुणार, आणि ह्या आमच्या मनूच्या चिठ्येत चवथो इलो, तर तू तेच्या मनात शिरान, तेका सतराव्यार आणि आमका चवथ्यार सुखान नांदव रे म्हाराजा…"

आणि मी म्हटलं.

एकट्यानेच म्हटलं. बाकी सत्तेचाळीस बिऱ्हाडं ऐकत होती ना. मी सोडून सगळे ऐकत होते. माझा आवाज उंबराला आपटून परत आला तेव्हा मला कळलं की आज साथीला कुणी नाही, आणि मागून राधा, तुमची बहीण, घाटावरची, जी आयुष्यात कधी 'व्हय म्हाराजा' म्हणालेली नाही, ती हळूच म्हणाली, "अहो, काय म्हणालात ते ऐकलंत का?"

आता मला सांगा, 'व्हय म्हाराजा' म्हणजे 'हो' होतं का?

संध्याकाळपर्यंत चाळीच्या ग्रुपवर हेरंबचा मेसेज. "मनूभाऊंनी राखणदाराच्या साक्षीने चौथा मजला धोंडूकाकांना दिला. अशी माणसं आहेत म्हणून चाळ आहे." खाली हात जोडलेली चित्रं, फुलं, कुणी माझा जुना फोटो टाकला दहीहंडीतला. आणि मी काय केलं? मी पण हात जोडले. सवय हो. कुणीही काही पाठवलं की आपण हात जोडतो, वाढदिवस असो, मयत असो. अपेक्षा, माझी मुलगी, ती जेवताना फोन बघत होती, ती एकदम ओरडली, "बाबा! तुम्ही लेखी कन्फर्म केलंत?"

आता ही अपेक्षा कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. आणि नेमका त्याच वेळी त्यांचा कराराचा कायदा चालू होता. तुम्हाला सांगतो, मुलीला शिकवा, जरूर शिकवा, पण ती नेमकं काय शिकतेय त्यावर लक्ष ठेवा. मी घाबरून विचारलं, "अपे, मी अडकलो का?" तर तिने ताट बाजूला केलं, वही काढली, आणि आमच्या दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत कोर्ट सुरू झालं. म्हणाली, "बाबा, घाबरू नका, करार असा वाऱ्यावर होत नाही. एकाने ऑफर द्यायची, ज्याला दिली त्यानेच ती ॲक्सेप्ट करायची. आता काकाआजोबांनी ऑफर कुणाला दिली? राखणदाराला. तुम्हाला दिलीच नाही. मग तुम्ही मध्येच व्हय म्हणणारे कोण?" मी म्हटलं, "बरोबर! मी कोण?" राधा भाकरी थापता थापता म्हणाली, "हेच मी लग्नापासून विचारतेय."

मला इतका हुरूप आला. मी म्हटलं, पुढे सांग. ती म्हणाली, "दुसरं, करारात दोघांनी शुद्धीवर असायला लागतं, म्हणजे आपण काय कबूल करतोय ते समजण्याइतकं डोकं ठिकाणावर पाहिजे." राधा म्हणाली, "मग सुटलेच की हे." मी दुर्लक्ष केलं. "तिसरं, राजीखुशी पाहिजे. धाक नको, दबाव नको, फसवणूक नको, गैरसमज नको." मी म्हटलं, "धाक होता! राखणदार समोर असताना गप्प राहणार कोण? साप निघतो उंबरातून!" तर म्हणाली, "बाबा, राखणदाराने दबाव आणला असं लिहायचं तर त्याला पार्टी करावं लागेल. नोटीस पाठवायला त्याचा पत्ता काय देऊ?" मी म्हटलं, पंपरूमच्या बाजूला. तिने वहीत लिहिलं नाही. "आणि चौथं, कायद्याने बांधून घ्यायचा इरादा पाहिजे. देवासमोर बोललेलं, घरात बोललेलं, गप्पांत बोललेलं, ते करार नसतात. पाचवं, घराची अदलाबदल लेखी लागते. बाबा, तुम्ही शंभर टक्के मोकळे आहात."

त्या रात्री मी घोरलो म्हणतात.

पण वकील व्हायला निघालेलं माणूस घरात असणं म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी ती दात घासत बाहेर आली आणि तोंडात फेस ठेवून म्हणाली, "बाबा, काल मी एक बाजू मांडली. दुसरी पण बघावी लागेल." म्हटलं, कशाला? एकाच बाजूने राहायचं ना, माझ्या! तर म्हणाली, "कन्सिडरेशन." म्हटलं ते काय असतं? "मोबदला बाबा. फुकट दिलेला शब्द कायद्यात टिकत नाही, बदल्यात काहीतरी मिळालेलं पाहिजे." मी म्हटलं, मग झालं तर, मला काय मिळालं? अर्धी वाटी खोबरं! ती म्हणाली, "तसं नाही. आपल्या देशात मागे करून ठेवलेलं पण मोबदल्यात धरतात. तुमच्या सांगण्यावरून कुणी तुमच्यासाठी आधीच काही केलं असेल, तर ते चालतं. इंग्लंडमध्ये नाही चालत." मी म्हटलं, "मग आपण इंग्लंडचा धरू." तर ती मोरीकडे वळली. चूळ भरून आली, आणि म्हणाली, "मी तीन महिन्यांची असल्यापासून सहा वर्षांची होईपर्यंत दिवसभर कुणाकडे होते बाबा?"

लक्ष्मीकाकीकडे. राधा तेव्हा तयार कपड्यांच्या कारखान्यात जायची, मी गिरणीत. सकाळी साडेआठला मी पोरीला काकीच्या मांडीवर ठेवायचो आणि म्हणायचो, "काकी, बघ गो जरा." जरा म्हणजे संध्याकाळी सातपर्यंत. सहा वर्षं. एक दिवस ती म्हणाली नाही की आज जमणार नाही. पेज तिनेच भरवली, पहिलं पाऊल तिच्याच दारात टाकलं, आणि हिला बोबडी मालवणी आली ती पण तिच्याकडूनच. तेव्हा अपेक्षा म्हणाली, "म्हणजे कन्सिडरेशन मीच आहे की. जिवंत पुरावा."

आता मला सांगा, बापाने कुठे बघायचं? मी चहा प्यायलो आणि कामावर गेलो. त्या दिवशी एका बाईच्या मालवणी मसाल्यात मी गोडा मसाला मिसळला, ती बाई अजून बोलत नाही.

इकडे लोक काय जगू देतात? हेरंब अर्ज घेऊन यायचा, टाईप केलेला, माझं नाव घातलेला, सहीपुरती जागा रिकामी. "मनूभाऊ, फक्त इथे." मी म्हणायचो, "हेरंब, ऑफर मला नव्हती रे." तो म्हणायचा, "मग ॲक्सेप्ट कशाला केलीत? ती पण रस्त्यापलीकडे बसस्टॉपवर ऐकू जाईल अशी?" भाजीवाली दोन मिरच्या जास्त टाकायची, म्हणायची, देवमाणूस. देवमाणूस! तुम्हाला सांगतो, कायद्याने माणूस मोकळा असेल ना, तरी भाजीवालीकडून सुटत नाही. बावीस दिवस गेले. राहिले आठ.

शेवटी मी ठरवलं. सरळ धोंडूकाकाकडे जायचं आणि सांगायचं. अपेक्षाकडून कागदावर मुद्दे लिहून घेतले, एक ते पाच. सहावा, तो मोबदल्याचा, लिहू नको म्हटलं. लालबागला तळमजल्याची खोली भाड्याने घेऊन राहत होते दोघं. गेलो. लक्ष्मीकाकी खाटेवर, उजवा हात चादरीवर ठेवलेला, आपला नसल्यासारखा. मला बघून तोंडाच्या एका बाजूने हसली आणि डाव्या हाताने चहाबरोबरच्या बटरची बशी माझ्याकडे सरकवली. तीन वेळा सरकवली, कारण एका हाताने बशी सरळ येत नाही, फिरते. मी कागद खिशातून काढला. मुद्दा एक वाचला. खरंच वाचला, "काका, ऑफर राखणदाराला होती, सबब माझी स्वीकृती ग्राह्य नाही." सबब! मी आयुष्यात सबब म्हटलेलं नाही.

आणि धोंडूकाका काय म्हणावा? भांडेल, शिव्या घालेल, राखणदाराचा कोप काढेल, सगळ्याची तयारी करून गेलो होतो. तो म्हणाला, "बरोबर हा तुजा." म्हटलं, काय? म्हणाला, "मनू, तुज्या दाराक येवन तोंडार इचारल्यार तुका 'नाय' म्हणूक जमला नसता. म्हणान देवाक सांगलंय. देवाक सांगलेला मनार घेवचा काय नाय, ता तुज्यार." कळलं का तुम्हाला? तो म्हणत होता, मला तोंडावर विचारलं असतं तर मला नाही म्हणता आलं नसतं, म्हणून त्याने देवाला विचारलं. म्हणजे मला नाही म्हणायला वाट राहावी म्हणून! अहो, त्या पोरीच्या वहीत राजीखुशीची अख्खी पानं भरलीयेत, आणि सातवीतून शाळा सोडलेल्या या माणसाने ती न वाचता पाळली होती, आणि मी कागद घेऊन गेलो होतो. मला माझी इतकी लाज वाटली की मी बटर चहात न बुडवताच खाल्लं.

तो पुढे म्हणाला, "पण देवाफुडचो शबूद देवाफुडेच सोडवूक व्हयो. येत्या रविवारी नारळ ठेवतंय, तुका मोकळो करतंय. तू काय्येक मनाक लावून घेव नको." मी म्हटलं, "आणि तुम्ही? सतराव्यावर?" म्हणाला, "लिफ्ट आसा मा." म्हटलं, लिफ्ट बंद पडली तर? काकीच्या दवाखान्याच्या दिवशी? काकीने बशी चौथ्यांदा सरकवली.

घरी आलो, सांगितलं. अपेक्षा खूश. म्हणाली, "उत्तम. दोन्ही बाजू राजी असल्या की करार मोडतो, विषय संपला. पण बाबा, एक शपथ घ्या. रविवारी तोंड उघडायचं नाही. ते गाऱ्हाण्यात आणखी काय घालतील, कुणी काय मागेल, तुमचा भरवसा नाही. कायदा लक्षात ठेवा, सायलेन्स इज नॉट ॲक्सेप्टन्स. गप्प बसलेल्या माणसाने होकार दिला असं कधीच धरत नाहीत. गप्प राहा, म्हणजे कशातच अडकणार नाही." मी शपथ घेतली. तिच्याच डोक्यावर हात ठेवून.

रविवार. महिना संपायला एक दिवस बाकी. सकाळी दहाला सगळी चाळ उंबराखाली, हेरंब खिशात पेन आणि हातात तो अर्ज घेऊन, आज फाडायचा की ठेवायचा म्हणून. काकीला पण खुर्चीवरून आणली होती, ऊन होतं, तिच्या कपाळावर घाम आणि तो पुसायचा तर पदर डाव्या हातात येत नव्हता. धोंडूकाकाने नारळ ठेवला, सुरू केलं. मी दात आवळून उभा. आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मला कळलं की माझ्या आवाजाशिवाय ही अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं म्हणजे काय आहेत. "आमचा गाऱ्हाणा ऐक रे म्हाराजा…" मागून कुणीतरी पुटपुटलं. "सगळ्यांका सुखी ठेव रे म्हाराजा…" दोघं म्हणाले, ते पण वेगवेगळे. सगळे माझ्या 'व्हय'ची वाट बघायचे आणि मग उशीर व्हायचा. मी गप्प. शपथ ती शपथ.

मग काका जरा थांबला. घसा साफ केला, आणि म्हणाला, "म्हाराजा, ह्या मनून तुज्याफुडे जो शबूद दिलो, तो तेच्या ध्यानात नसताना दिलो. तर तेका त्या शबदातून मोकळो कर रे म्हाराजा…"

कुणी काही म्हणालं नाही.

माझ्यासाठी थांबले होते हो सगळे! माझी सुटका, मीच उचलायची होती ना. काकाने परत म्हटलं, जरा मोठ्याने, "मोकळो कर रे म्हाराजा…" पंपरूममधला पंप चालू होता, त्याचाच आवाज. राधाने मागून चिमटा काढला, "म्हणा की, चौथा मजला जातोय." अपेक्षा डोळे फाडून माझ्याकडे बघतेय, शपथ सोडा, शपथ सोडा, असं ओठांनी. आणि मी बघतो तर लक्ष्मीकाकी. माझ्या सुटकेसाठी हात जोडत होती ती. एका हाताने हात जोडता येत नाहीत. तिने डाव्या हाताने उजवा हात उचलला, छातीपाशी नेला, तो घसरला, परत उचलला. माझ्यासाठी.

आता मला सांगा, त्या क्षणी 'व्हय म्हाराजा' कुठल्या तोंडाने म्हणायचं? तीस वर्षं ज्या तोंडातून ते आपोआप बाहेर पडलं, ते तोंड उघडेचना. काकाने तिसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा पण कुणी नाही. मग त्याने माझ्याकडे वळून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि नारळ फोडला.

हेरंबने अर्ज फाडला नाही. त्याने तो माझ्यापुढे धरला, मी त्याच्या पाठीवर ठेवून सही केली. नीट आली नाही, तो हसत होता, पाठ हलत होती.

घरी येताना अपेक्षा म्हणाली, "बाबा, खरं सांगा. तिथे का गप्प राहिलात?" मी म्हटलं, "तूच सांगितलंस. सायलेन्स इज नॉट ॲक्सेप्टन्स. सुटकेची ऑफर होती, मी गप्प राहिलो, स्वीकारली नाही, ऑफर गेली. कायदा म्हणजे कायदा." ती म्हणाली, "पेपरात लिहिलंत तर फुल मार्क मिळतील." आणि माझी पिशवी घेतली हातातून.

म्हणून आज तुम्ही सतराव्यावर वास्तुशांतीला आला आहात. राधा खूश आहे, कपडे अर्ध्या तासात वाळतात. वरून म्हणे माझगावची गोदी दिसते, त्यापलीकडे समुद्र दिसतो. म्हणे, कारण मी बघितलेला नाही. मी आतल्या पॅसेजमध्ये झोपतो, दोन्ही बाजूंना भिंत आहे तिथे. सिलेंडर नाही, पाइपचा गॅस आला, त्यामुळे धरायला पण काही नाही. आणि लिफ्टमध्ये तर विचारू नका, डोळे मिटूनच जातो.

अरे, हलला आकडा. तीन. दोन. आता एक ऐकून ठेवा, वर गेल्यावर धोंडूकाकाच गाऱ्हाणं घालणार आहे, शब्द न् शब्द ऐका आणि मगच तोंड उघडा, तुम्ही पाव्हणे आहात, तुमची साताऱ्याची शेतं जातील. आली. बघा, हे कोण! दहा मिनिटं लिफ्ट चारवर का अडकली होती कळलं का? ही काकीची खुर्ची आत घ्यायला वेळ लागतो, चाक फटीत जातं. आणि वर जायचं सोडून खाली का आली? मला न्यायला. हा धोंडूकाका रोज असंच करतो, मला एकट्याला वर सोडत नाही. या, तुम्ही पण या, माझं ते भिंतीकडे तोंड करून उभं राहणं बघून हसायचं नाही. दरवाजा लागला. मी मिटले डोळे. हा माझ्या मनगटावर हात आलाय ना, हा काकीचा, डावा. आता ती विचारणार, रोज विचारते, जीभ जड आहे तरी विचारते, "मनू, भिया वाटता रे?"

"व्हय म्हाराजा."

आता मला सांगा, 'व्हय म्हाराजा' म्हणजे 'हो' होतं का? होतं हो. होतंच.